टेकू मारुती

हडपसरच्या आयटी पार्कमागे 'सिलिकॉन विहार' नावाच्या दोन चारमजली इमारती होत्या, अ आणि ब. एका श्रावणात, भर दुपारी, अ इमारत पडली. सात माणसे गेली. त्यानंतर अधिकृतरीत्या सिद्ध झालेली पहिली बाब अशी, की ही इमारत बांधायला कोणीच परवानगी दिलेली नव्हती.

पूर्व उपनगर विकास प्राधिकरणाचे म्हणणे, परवानगी ग्रामपंचायतीच्या काळातली असावी. ग्रामपंचायत विसर्जित झालेली असल्याने तिला विचारण्याची सोय नव्हती, आणि प्राधिकरणाची खरी सोय तीच होती. बिल्डर संपतशेठ फरार होता. चौकशीसाठी एक निवृत्त अधिकारी नेमण्यात आले. त्यांना बसायला खोली मिळेपर्यंत त्यांची मुदत संपली, म्हणून ती वाढवण्यात आली.

लोकांनी इथे घरे घेतली तेव्हा आयटी नवी होती. उसाच्या शेतांत काचेच्या इमारती उगवत होत्या आणि 'सिलिकॉन' हा शब्द ऐकला की बँका कर्ज देत होत्या. सिलिकॉन वाळूत असते हे रहिवाशांना अ इमारत पडल्यावर कळले. संपतशेठने निदान नावात तरी कोणाला फसवले नव्हते.

ब इमारत उभी होती. बिल्डर तोच, नकाशा तोच, वाळू तीच. पार्किंगमधल्या मधल्या खांबाला बोट जाईल एवढी भेग होती.

दुसऱ्या मजल्यावर भीमराव ओव्हाळ आणि त्यांची पत्नी कांताबाई राहत. भीमराव एका सरकारी खात्यातून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्तीचे सगळे या घरात घातलेले, दुसरे घर नाही. कांताबाईंचे गुडघे गेलेले. एक जिना उतरायचा तर त्या कठड्याला धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकत उतरत. त्यांची संध्याकाळी फिरायला येणारी मैत्रीण सोजरबाई अ इमारतीत होती. तिचेही गुडघे दुखत. ती जिन्यात सापडली.

तेव्हापासून भीमरावांना दुसरे काही सुचत नव्हते. ब इमारत हलली तर चौथ्या मजल्यावरची आयटीतली पोरे खाली पोचतील. कांताबाई पोचणार नाहीत.

त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला: दोन्ही इमारतींना परवानगी कोणी दिली, पाहणी कोणी केली, पूर्णत्वाचा दाखला कोणी दिला. उत्तर आले, 'सदर माहिती अभिलेखात आढळून येत नाही.' त्यांनी अपील केले. अपिलात तीच माहिती अधिक वरच्या पातळीवर आढळून आली नाही. ब इमारतीच्या दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज केला, तर कळवण्यात आले की जबाबदारी निश्चित झाल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही. आधी दुरुस्ती केली तर जबाबदारी आपली होती असा गैरसमज पसरेल.

भीमरावांनी आयुष्यभर अशीच पत्रे लिहिली होती. हे पत्र चांगले उतरले आहे, हे त्यांना मनातल्या मनात मान्य करावे लागले.

मात्र वर्तमानपत्रांत ब इमारतीच्या भेगेचे छायाचित्र आले आणि प्राधिकरणाला काहीतरी करणे भाग पडले. एका सकाळी टेम्पोतून लोखंडी टेकू आले. स्लॅब ओतताना खाली लावतात तसले. ते पार्किंगमध्ये तुळयांखाली उभे करण्यात आले. मधल्या खांबाशेजारी सर्वांत जाड टेकू. प्राधिकरणाचे स्थानिक सदस्य दशरथअण्णा यांच्या हस्ते टेकूंचे लोकार्पण झाले. नारळ फोडण्यासाठी खांब टाळून फरशीचा कोपरा निवडण्यात आला, कारण उपअभियंता रणपिसे यांनी खांबावर नारळ फोडू नये असा तांत्रिक सल्ला दिला. त्या दिवसापुरता तेवढाच तांत्रिक सल्ला झाला.

पुढच्याच आठवड्यात तोच टेम्पो परत आला. टेकू सेंटरिंगवाल्याकडून भाड्याने आणलेले होते आणि भाडे लोकार्पणापर्यंतचेच मंजूर होते.

भीमरावांनी वर जाऊन रणपिसे यांना फोन लावला. रणपिसे म्हणाले, टेकू तात्पुरते होते, हे कार्यक्रमपत्रिकेतच छापलेले होते. भीमरावांनी विचारले, भेगही तात्पुरती आहे का. रणपिसे म्हणाले, लेखी द्या.

ते लेखी देत होते तेवढ्यात खाली द्वारकाबाई बाहेर आल्या. द्वारकाबाई मूळच्या वाशिमच्या. तळमजल्याच्या एका खोलीत आयटीतल्या पोरांसाठी डबे करत. त्यांची गॅसची शेगडी त्या भेगेच्या खांबापासून हाताच्या अंतरावर होती. त्यांनी टेम्पोवाल्याला विचारले, "काऊन जी, कुठं घेऊन चालले?"

"वाघोलीला. उद्या स्लॅब हाय तिथं."

द्वारकाबाई आत गेल्या आणि देव्हाऱ्यातली शेंदराची डबी घेऊन आल्या. तेल ओतून शेंदूर कालवला आणि मधल्या जाड टेकूला खालपासून छातीपर्यंत लिंपला. मग हात जोडून उभ्या राहिल्या. टेम्पोवाल्याने चप्पल काढली. ती त्याने विचार करून काढली नसावी. शेंदूर दिसला आणि पाय आपसूक बाहेर आले. त्याने बाकीच्या टेकूंकडे पाहिले. द्वारकाबाई त्यांनाही एकेक बोट लावत निघाल्या होत्या.

"बाई, सगळेच देव का?"

"मधला मारुती. बाकीची वानरसेना."

टेम्पोवाल्याने मालकाला फोन केला. मालकाने सांगितले, शेंदूर लागलेला टेकू माझ्या स्लॅबखाली नको, उद्या काही झालं तर माझ्या अंगावर येईल. टेम्पो रिकामा गेला.

भीमराव अर्जाची प्रत घेऊन खाली उतरले तेव्हा समोर उदबत्ती लागली होती. त्यांनी प्रत खिशात घातली. मग म्हणाले, "द्वारकाबाई, हा टेकू आहे."

"मले माहीत आहे जी. पण तुम्ही त्याले टेकू म्हणून राहिले, तर उद्या नेतीन."

भीमराव जिना चढू लागले. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि घरातले देव स्वतःच्या हाताने नदीत सोडले. ते सांगताना वडिलांचा आवाज चढत असे. आता मुलाच्या घराखाली नवा देव उगवला होता आणि तो हलला तर घर बसणार होते. वर आल्यावर कांताबाईंनी त्यांच्यासमोर चहा ठेवला.

"तीस वर्षं सरकारात घासली," त्या म्हणाल्या, "एक टेकू ठेवता आला नाही. तिनं डबीभर शेंदरात ठेवला."

पुण्यात मारुतीला काय नाव पडेल याचा नेम नाही. पत्र्या आहे, जिलब्या आहे, भिकारदास आहे. हा टेकू मारुती झाला. शनिवारी रांग लागू लागली. आयटीतली पोरे प्रोजेक्ट लाइव्ह जाण्याच्या आदल्या दिवशी येऊ लागली. सर्व्हर पडू नये म्हणून पडत्या इमारतीखालच्या मारुतीला नारळ देण्यात त्यांना काही वावगे वाटले नाही. ब इमारतीतल्या ज्या रहिवाशांना भेग दाखवली तरी दिसत नव्हती, ते आता दर्शनाच्या निमित्ताने तिच्याकडे रोज पाहू लागले. भेग वाढत होती.

लवकरच प्राधिकरणाचे पथक आले. अनधिकृत धार्मिक स्थळांची पाहणी चालू होती. भीमरावांच्या लक्षात आले की कोणताही अर्ज न करता या इमारतीत आलेले हे पहिलेच सरकारी पथक. पथकाने मारुतीची उंची मोजली, फोटो काढला आणि नोंद केली: मारुती अनधिकृत. ज्या खांबाला टेकून मारुती उभा होता, तो खांब आपल्या कक्षेत येत नसल्याने त्याची नोंद केली नाही. फोटोत भेग येत होती, म्हणून कॅमेरा जरा डावीकडे सरकवला.

मारुती हलवणार अशी बातमी पसरली आणि संध्याकाळपर्यंत पार्किंगमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. अ इमारत पडली तेव्हा मेणबत्ती मोर्चाला आले होते त्यापेक्षा कितीतरी जास्त लोक. दशरथअण्णा धावत आले. निवडणूक जवळ होती. त्यांनी गर्दीला शब्द दिला की मारुती इथून तसूभर हलणार नाही. मग त्यांची नजर वर, डोक्यावरच्या चार मजल्यांकडे गेली. ते भीमरावांना बाजूला घेऊन गेले.

"ओव्हाळसाहेब, ही इमारत मारुतीवर पडली तर लोक मला जिवंत सोडतील का?"

"आमच्यावर पडली तर सोडतील का?"

"त्याची चौकशी चालू आहे ना," दशरथअण्णा म्हणाले. त्यांनी ते अगदी सरळपणे म्हटले होते.

अण्णांच्या हाती निधी होता. तो माणसांच्या इमारतीला वापरता येत नव्हता, कारण जबाबदारी निश्चित नव्हती. पण मंदिराच्या जीर्णोद्धाराला जबाबदारी लागत नाही, श्रद्धा पुरते. प्रस्तावासाठी समिती हवी होती. द्वारकाबाई अध्यक्ष झाल्या. सचिव म्हणून सगळ्यांनी भीमरावांकडे बोट दाखवले, कारण सरकारला समजेल असे मराठी दुसऱ्या कोणाला येत नव्हते.

भीमरावांनी दोन दिवस मागून घेतले. घरात बुद्धमूर्तीसमोर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर दवाखान्यातून येताना कांताबाई जिन्यात मध्येच थांबल्या, कठडा धरून दम घेऊ लागल्या, आणि जिन्याच्या छताचा एक पोपडा त्यांच्या पुढ्यात पडला.

"तुम्हाला हात जोडायला कोण सांगतंय?" त्या म्हणाल्या. "सही करा. जन्मभर तेच केलंत."

भीमरावांनी सही केली. एका अटीवर: ते पूजेला उभे राहणार नाहीत आणि प्रस्तावात एक अक्षरही खोटे लिहिणार नाहीत. द्वारकाबाई म्हणाल्या, पूजेचं मी पाहीन, अक्षरांचं तुम्ही पाहा.

त्यांनी लिहिले: 'तळमजल्यावर मारुती, त्यावर चार मजले बांधकाम, खांबांना तडे.' प्रस्ताव रणपिसे यांच्या टेबलावर गेला. मंदिरांच्या नमुन्यात गाभारा, सभामंडप आणि शिखर असे तीनच रकाने होते. रणपिसे यांनी बराच विचार करून चार मजले शिखराच्या रकान्यात भरले. भीमरावांना त्यांनी दबक्या आवाजात विचारले, शिखरात माणसे राहतात का.

"राहतात," भीमराव म्हणाले. "पण तसा रकाना तुमच्या नमुन्यात नाही."

रणपिसे यांचा चेहरा मोकळा झाला.

काम सुरू झाले ते मात्र खरेखुरे. संपतशेठच्या काळात या इमारतीला कोणी अभियंत्याने हात लावला असेल-नसेल. मारुतीसाठी आलेल्याने प्रत्येक खांब ठोकून पाहिला. जुने काँक्रीट हाताने निघत होते. आतल्या सळया गंजून काडीसारख्या झालेल्या. नव्या सळया बांधून प्रत्येक खांबाभोवती काँक्रीटचे जाड आवरण घातले. गवंडी कामावर येताना चपला बाहेर काढत आणि सिमेंटमध्ये वाळू जास्त झाली तर एकमेकांना शेंदराकडे बोट दाखवून दटावत. शिखरातले लोक त्या काळात शिखरातच राहिले, कारण जायला दुसरीकडे जागा नव्हती. शेवटचा खांब पुरा झाला त्या दिवशी कांताबाई खाली उतरून आल्या, काँक्रीटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाल्या, सोजरच्या इथंही बसवायला हवा होता मारुती.

राहता राहिली कोनशिला. दशरथअण्णांना ती संगमरवरी हवी होती आणि तिच्यावर भरपूर नावे हवी होती. जेवढी नावे, तेवढी घरे आपली, असा त्यांचा सिद्धान्त. नावे जमवण्याचे काम सचिवांकडे आले.

भीमरावांनी प्राधिकरणाला पत्र लिहिले. विषय: टेकू मारुती मंदिर, सिलिकॉन विहार, येथील कोनशिलेवर नावे कोरणेबाबत. मजकूर असा, की सदर वास्तूच्या अ व ब या दोन्ही भागांस मूळ परवानगीपासून आजपर्यंत ज्या ज्या अधिकाऱ्यांचे सहकार्य लाभले, त्यांचे नाव, तेव्हाचा हुद्दा व केलेले कार्य कळवावे. मजकुरात अवघड असे काही नव्हते. हेच त्यांनी माहितीच्या अधिकारात दोनदा विचारले होते. फरक एवढाच, की या वेळी उत्तर दगडावर कोरले जाणार होते.

अभिलेखात माहिती आढळून आली. एका आठवड्यात.

परवानगी ग्रामपंचायतीची नव्हती, प्राधिकरणाचीच होती, हे एका सेवानिवृत्त नगररचनाकारांनी ठासून लिहिले. श्रेय ग्रामपंचायतीला जाईल अशी त्यांना भीती होती. दुसऱ्याने कळवले की पूर्णत्वाचा दाखला आपण जागेवर न जाता, केवळ सद्भावनेने, अर्ज आला त्याच दिवशी दिला होता. एका साहेबांच्या मुलाने अमेरिकेतून फोन करून सांगितले, बाबांचं नाव गाळलं जायला नको, वाळूचा तपासणी अहवाल बाबांनीच मंजूर केला होता. रणपिसे यांनी स्वतः येऊन आपली आद्याक्षरे तपासली. कनिष्ठ अभियंता असताना दोन्ही भागांची प्रत्यक्ष पाहणी त्यांनी केली होती. तेवढे 'प्रत्यक्ष' घाला, असे ते म्हणाले. शेवटी, कोरीव काम सुरू झाल्यावर, संगमरवरवाल्याला एक फोन आला. 'मूळ वास्तूचे शिल्पकार' एवढे शब्द वाढवायचे होते आणि नाव होते संपतशेठचे. पोलिसांना तो वर्षभर सापडत नव्हता.

हनुमान जयंतीला अनावरण झाले. दशरथअण्णांनी भगवा पडदा ओढला, टाळ्या झाल्या. अधिकारी एकेक करून कोनशिलेशेजारी उभे राहिले आणि आपापल्या नावावर बोट ठेवून त्यांनी फोटो काढून घेतले. फोटोग्राफर चांगला होता. अक्षरे स्पष्ट आली.

मग अण्णांनी रिवाजाप्रमाणे माइक घेऊन मजकूर वाचायला सुरुवात केली. सुरुवातीला सात नावे होती. पहिले सोजरबाईंचे. ती वाचून अण्णा थांबले आणि भीमरावांकडे वळून म्हणाले, "हे देणगीदार का?"

खुर्चीवरून कांताबाईच बोलल्या. "नाही. हे अ मध्ये राहायचे."

अण्णा पुढे वाचत गेले, कारण माइक हातात असताना थांबायची त्यांना सवय नव्हती. 'अ व ब भागांस परवानगी देणारे.' 'प्रत्यक्ष पाहणी करणारे.' 'जागेवर न जाता पूर्णत्वाचा दाखला देणारे.' 'वाळूचा अहवाल मंजूर करणारे.' 'मूळ वास्तूचे शिल्पकार.' प्रत्येक ओळीला त्यांचा आवाज थोडा थोडा खाली आला. शेवटचे नाव जवळजवळ कोणाला ऐकू गेले नाही. टाळी फक्त एका माणसाने वाजवली. तो अमेरिकेहून खास आलेला मुलगा होता आणि त्याला एवढे सरकारी मराठी कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आले. संपतशेठला त्याच आठवड्यात अटक झाली आणि पुढच्या महिन्यात जामीनही झाला. चौकशी अधिकाऱ्यांनी कोनशिलेची दखल घेतली. ती धार्मिक स्वरूपाची असल्याने पुरावा म्हणून स्वीकारता येईल काय, यावर त्यांनी विधी विभागाचा अभिप्राय मागवला आणि अभिप्राय येईपर्यंत मुदतवाढ घेतली. अहवाल अजून आलेला नाही. ब इमारत पडली नाही, याचे श्रेय कोणाला द्यायचे हा मुद्दा त्यात नव्याने समाविष्ट झाला आहे.

प्राधिकरणाने कोनशिलेची ही फरशी अनधिकृत ठरवून ती हटवण्याची नोटीस काढली. सही कोणी करायची यावर थोडा वेळ गेला, कारण ज्यांना अधिकार होता त्यांची नावे फरशीवर होती. अखेर माणसे आली तेव्हा फरशीच्या चारही कोपऱ्यांना शेंदूर लागलेला होता आणि वर झेंडूचा हार. त्यांनी चपला काढल्या, नमस्कार केला आणि 'हटवणे शक्य नाही' असा शेरा मारून ती परत गेली. द्वारकाबाईंची शेंदराची डबी रिकामी झाली होती.

रणपिसे दर शनिवारी येतात. त्यांची बदली झालेली नाही. चौकशी चालू असताना बदली करता येत नाही. हातात तेलाची बाटली असते. थोडे तेल ते मारुतीला वाहतात आणि उरलेले फरशीवर ओततात, वरपासून खालपर्यंत, स्वतःच्या ओळीवर जरा जास्त. तेलावर धूळ बसते, धुळीवर पुन्हा तेल. असे काही वर्षे चालले तर अक्षरे बुजतील, असा त्यांचा अभियांत्रिकी अंदाज असावा.

ते गेले की भीमराव दुसऱ्या मजल्यावरून खाली येतात. मारुतीकडे पाठ करून फरशीपुढे स्टूल मांडतात, भांडी घासायची पावडर आणि जुना टूथब्रश घेतात आणि सोजरबाईंच्या नावापासून सुरुवात करतात. कांताबाई मागे खुर्चीवर बसून कुठे राहिले ते सांगतात.

"रणपिसेंच्या 'प्रत्यक्ष'मध्ये अडकलंय," त्या म्हणतात. "नीट घासा."